डाँगल: संगीताच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स राहतं कुठे?

मे २०२५ मध्ये हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने सॉफ्टवेअरची लायसन्सं सांभाळणारी आपली ई-लायसन्सर सेवा कायमची बंद केली. क्युबेस, न्युएंडो ही तिच्या गाणी रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरची नावं ज्यांच्या कानावरून गेलेली नाहीत त्यांना यात विशेष काही वाटणार नाही. पण ज्यांनी वर्षानुवर्षं क्युबेसवर गाणी बांधली, त्यांच्या संगणकाच्या यूएसबी पोर्टमध्ये एक छोटी काडी कायम खोचलेली असायची. तिच्यात गाणं नसतं, सॅम्पल म्हणजे रेकॉर्ड केलेल्या सुरांचे तुकडे नसतात, सॉफ्टवेअरही नसतं. तरी ती उपसली की क्युबेस उघडायचं नाही. हाच डाँगल.

कल्पना एका वाक्यात सांगता येते. सॉफ्टवेअर संगणकात आणि ते चालवण्याची परवानगी डाँगलमध्ये. सॉफ्टवेअर हवं तितक्या संगणकांवर टाका, कंपनीची हरकत नाही. चालेल मात्र तिथेच, जिथे डाँगल लावलेला आहे. सॉफ्टवेअरची कॉपी काढता येते, डाँगलची येत नाही, आणि सगळा डोलारा या एका फरकावर उभा आहे.

संगीतवाल्यांच्याच मागे हे लचांड इतकी वर्षं का राहिलं, हा प्रश्न रास्त आहे. वर्ड प्रोसेसर किंवा गेमवाल्यांनी डाँगल लवकर सोडून दिला. संगीताच्या सॉफ्टवेअरचं गणित निराळं. बनवणाऱ्या कंपन्या बहुतेक लहान, गिऱ्हाईक मोजकं, म्हणून किंमत चढी, आणि ज्यांना ते सर्वात जास्त हवं असतं ते नुकते शिकायला लागलेले, खिसा रिकामा असलेले तरुण. चोरी होणार हे गृहीतच. दुसरं कारण तांत्रिक. पूर्वी स्टुडिओचा संगणक मुद्दाम इंटरनेटपासून तोडलेला ठेवत. मध्येच अपडेट सुरू झालं, व्हायरस शिरला, अँटीव्हायरसने डोकं वर काढलं आणि गायिकेच्या चांगल्या टेकमध्ये खर्रकन आवाज आला, हे कोणाला परवडणार? इंटरनेटच नसेल तर ऑनलाइन तपासणी कशी करणार? मग परवानगी हातात घेऊन फिरता येईल अशी वस्तू सोयीची ठरली. तिसरं कारण माणसांचं. रेकॉर्डिस्ट आणि मिक्सिंग इंजिनिअर एका स्टुडिओला बांधलेले नसतात. आज अंधेरी, उद्या गोरेगाव, परवा पुणे. आपले प्लगइन (मूळ सॉफ्टवेअरला जोडायची आवाजाची छोटी सॉफ्टवेअर) जिथे जाऊ तिथे उघडले पाहिजेत, आणि परक्या संगणकात आपलं लायसन्स मागे राहता कामा नये. डाँगल खिशात टाकला की दोन्ही साधतं.

सुरुवात मात्र यूएसबीच्या कितीतरी आधीची. अटारी एसटी हा संगणक १९८५ मध्ये आला आणि त्याला मिडीची, म्हणजे वाद्य संगणकाला जोडायची, पोर्ट कारखान्यातूनच बसवलेली होती. वाजवायच्या कीबोर्डची वायर थेट संगणकात लावायची, मध्ये वेगळी पेटी नको. युरोपातल्या स्टुडिओंनी तो उचलला. १९८९ चं पहिलं क्युबेस याच अटारीवर चालायचं. सॉफ्टवेअर फ्लॉपीवर यायचं आणि फ्लॉपीची नक्कल कोणीही मिनिटाभरात काढायचं, त्यामुळे स्टाइनबर्गने अटारीच्या कार्ट्रिज पोर्टमध्ये बसणारा डाँगल सोबत दिला. प्रतिस्पर्धी सी-लॅब कंपनीच्या नोटेटर या सॉफ्टवेअरचाही डाँगल त्याच पोर्टमध्ये बसायचा. पोर्ट एकच. दोन्ही सॉफ्टवेअर वापरणाऱ्याने एक काढून दुसरा लावायचा, तोही संगणक बंद करून, नाहीतर चिप जळायची भीती. अनेक डाँगल एकदम लावता यावेत म्हणून मग वेगळी पेटी विकायला आली. गिऱ्हाइकाला आधी अडचण विकायची आणि नंतर त्या अडचणीवरचा उपाय विकायचा, हा धंदा तेव्हापासूनचा.

पीसीवर डाँगल प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टला लागायचा आणि त्याच्या पाठीमागे प्रिंटरची केबल. तीन-चार सॉफ्टवेअर असली की संगणकाच्या मागे डाँगलवर डाँगल अशी वीतभर रांग तयार होई. मॅकवर तो कीबोर्डच्या पोर्टला लागे. १९९८ च्या आयमॅकने ही जुनी पोर्ट काढून टाकली आणि यूएसबी तेवढं ठेवलं, तसे डाँगलही हळूहळू यूएसबीवर गेले.

आता आत काय घडतं ते पाहू. जुन्या डाँगलमधली तपासणी भोळी होती. सॉफ्टवेअरने पोर्टवर ठरलेला संदेश पाठवायचा, डाँगलने ठरलेलं उत्तर द्यायचं. हा संवाद कोणी एकदा टिपून घेतला की तेच उत्तर देणारा नकली डाँगल बनवता येतो. किंबहुना डाँगलचीही गरज नाही, तसं सोंग आणणारा छोटा प्रोग्राम पुरतो. म्हणून पुढच्या पिढीत प्रश्नच दर वेळी बदलू लागला. तोंडी परीक्षेत मास्तर दर वर्षी तेच गणित घालत असतील तर मुलं उत्तर पाठ करून येतात. दर वेळी नवं घातलं तर ज्याला रीत येते तोच पास होतो. डाँगलमधल्या चिपमध्ये एक गुप्त संख्या साठवलेली असते. सॉफ्टवेअर कोणतातरी नवा, अंदाज बांधता न येणारा आकडा पाठवतं. चिप तो आकडा आणि आपली गुप्त संख्या मिळून एक हिशेब करते आणि फक्त निकाल बाहेर देते. निकाल बरोबर असेल तर समोर खरा डाँगल आहे अशी सॉफ्टवेअरची खात्री पटते. गुप्त संख्या चिपच्या बाहेर कधीच येत नाही, त्यामुळे संवाद कितीही वेळा टिपला तरी हाती काही लागत नाही. बँकेच्या कार्डातली आणि मोबाइलच्या सिममधली चिप याच तत्त्वावर चालते. पेस या अमेरिकन कंपनीच्या पहिल्या आयलॉक डाँगलला तर सिमच्या आकाराचं कार्ड सरकवायची खाच होती, विकत घेतलेलं लायसन्स त्या कार्डावरून डाँगलमध्ये उतरवून घ्यायचं.

इतकं पक्कं असूनही क्रॅक, म्हणजे संरक्षण मोडलेल्या प्रती, निघतातच, आणि त्याचं कारण डाँगलमध्ये नाही. उत्तर बरोबर आहे की चूक हे ठरवणारा भाग शेवटी सॉफ्टवेअरमध्ये असतो आणि सॉफ्टवेअर तर क्रॅक करणाऱ्याच्याच संगणकात आहे. चिप फोडायच्या फंदात तो पडतच नाही. तपासणी करणारी जागा शोधतो आणि तिथे ‘काहीही आलं तरी बरोबर समज’ असा बदल करतो. यावर कंपन्यांनी दोन उपाय काढले. तपासणी एकाच जागी न ठेवता शेकडो ठिकाणी पेरायची, काही तर अशा की त्या बऱ्याच वेळाने जाग्या होतात. आणि सॉफ्टवेअरचे काही तुकडे कुलूपबंद अवस्थेतच पाठवायचे, जे डाँगलच्या मदतीशिवाय उलगडतच नाहीत. दुसरा उपाय जास्त भारी, कारण नुसतं ‘हो’ म्हणून भागत नाही, हरवलेला तुकडा कुठूनतरी आणावा लागतो.

पण या पेरणीचा भार कोणी उचलायचा? संगणकावर आवाज तुकड्या-तुकड्यांनी तयार होतो. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाची ४८ हजार मोजमापं (यांनाही सॅम्पलच म्हणतात) धरून, १२८ सॅम्पलचा बफर, म्हणजे एकेक तुकडा, ठेवला तर एका तुकड्यासाठी जेमतेम २.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात सगळ्या ट्रॅकचं, रिव्हर्ब-कॉम्प्रेसरसारख्या सगळ्या परिणामांचं गणित उरकलं पाहिजे, नाहीतर आवाज तुटतो. यूएसबीवरच्या चिपला प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहायला इथे वेळच नाही. म्हणून जाणते डेव्हलपर ही चौकशी आवाजाच्या वाटेत येऊ देत नाहीत, सेशन (एका गाण्याचं सगळं काम साठवलेली फाइल) उघडताना किंवा मागच्या मागे करतात. तरी मोठं सेशन उघडताना प्रत्येक प्लगइन आपापलं लायसन्स शोधत बसतं आणि आपण पडद्याकडे बघत बसतो. क्रॅक केलेल्या प्रतीतून ही चौकशीच काढलेली असते. म्हणजे पैसे मोजणारा थांबतो आणि न मोजणारा पुढे जातो. डाँगलविषयीची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात खरी तक्रार हीच आहे, आणि तिला कंपन्यांकडून समाधानकारक उत्तर आल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

डाँगलच्या दुनियेत शेवटी दोन मोठी घराणी उरली. एक ई-लायसन्सर. मूळ सिंक्रोसॉफ्ट नावाच्या कंपनीचं हे तंत्र पुढे स्टाइनबर्गने आपल्याकडे घेतलं. दुसरं आयलॉक. आयलॉक एका सॉफ्टवेअरपुरता नाही, अनेक कंपन्यांची लायसन्सं एकाच काडीत राहतात. दुसऱ्या पिढीच्या आयलॉकमध्ये ५००, तिसऱ्यात १,५०० लायसन्सं मावतात. अटारीच्या काळातला डाँगलवर डाँगलचा प्रश्न त्याने सोडवला हे मान्यच करायला हवं. पण सगळा ऐवज एकाच डबीत आला. पन्नासएक डॉलरची ती काडी हरवली की तिच्यातलं काही लाख रुपयांचं सॉफ्टवेअर तिच्याबरोबर जातं. मोडली तर ती पाठवून बदलून मिळू शकते. हरवली किंवा चोरीला गेली तर आधीच वेगळे पैसे भरून संरक्षण घेतलेलं नसेल तर कंपनी हात वर करू शकते. तिची बाजूही समजून घ्या. ‘हरवला’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला नवं लायसन्स द्यायचं ठरवलं तर एकाचे दोन करायला लोकांना आणखी काय हवं?

डाँगल सोडण्याची सुरुवात मोठ्यांनी केली. ॲपलने २००२ मध्ये लॉजिक हे संगीताचं सॉफ्टवेअर बनवणारी ईमॅजिक कंपनी विकत घेतली. काही वर्षं लॉजिकबरोबर एक्सएसकी नावाचा डाँगल यायचा. सप्टेंबर २००७ मध्ये लॉजिक ८ आलं तेव्हा डाँगल गेला आणि किंमतही ९९९ डॉलरवरून ४९९ वर आली. ॲपलला ते परवडलं, कारण लॉजिक फक्त मॅकवर चालतं आणि मॅक ॲपलच विकते. इतक्या मोठ्या आकाराचा डाँगल इतर कोणाकडेच नव्हता! २०१२ मध्ये वेव्ह्ज या प्लगइन बनवणाऱ्या कंपनीने आयलॉक सोडून लायसन्स साध्या पेन ड्राइव्हवर किंवा संगणकावर ठेवायची मुभा दिली. मार्च २०२२ मध्ये क्युबेस १२ डाँगलशिवाय आलं, खात्यात लॉगिन करायचं आणि तीन संगणकांपर्यंत चालवायचं. व्हिएन्ना सिंफनिक लायब्ररी ही वाद्यवृंदाच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांची मोठी लायब्ररी त्याच वर्षी ई-लायसन्सरवरून आयलॉकवर गेली. आयलॉकही आता काडीपुरता राहिलेला नाही. लायसन्स काडीत, संगणकात किंवा क्लाउडवर, तिन्हीकडे ठेवता येतं. यातला कोणता पर्याय द्यायचा ते प्लगइन बनवणारी कंपनी ठरवते, आपण नाही.

यातून काडी गेली आणि आपण मोकळे झालो, असं सहज वाटतं. मला तसं वाटत नाही. लायसन्स काडीत असताना निदान ते कुठे आहे हे कळायचं. संगणकावर ठेवलं तर हार्ड डिस्क किंवा मदरबोर्ड उडाला की कंपनीकडे अर्ज करा, आणि नेमकं हे रविवारी रात्री घडतं. क्लाउडवर ठेवलं तर काम चालू असेपर्यंत इंटरनेट चालू हवं. कोकणात एखाद्या देवळात कीर्तनाचं लाइव्ह रेकॉर्डिंग करायला गेलात आणि मोबाइलला एक दांडी रेंज असेल तर क्लाउडचा उपयोग शून्य. तिथे डाँगलच चालतो, कसलाही नखरा न करता. ज्या डाँगलला आपण तीस वर्षं शिव्या घातल्या त्याच्यात एवढा एक गुण होता: एकदा लायसन्स आत गेलं की रोजच्या कामात कंपनीला विचारायला जावं लागत नाही.

‘एकदा आत गेलं की’ हे शब्द मात्र नीट वाचा. लायसन्स काडीत उतरवायला, एका काडीतून दुसरीत न्यायला, विकलं तर नव्या मालकाच्या नावे करायला कंपनीचा सर्व्हर लागतोच. ई-लायसन्सर बंद झाला तेव्हा हेच झालं. आधीपासून डाँगलमध्ये असलेली लायसन्सं जुन्या क्युबेसला अजूनही उघडतात. पण आता ती कुठे हलवता येत नाहीत, काडी मोडली तर परत मिळवता येत नाहीत. वस्तू हातात, कारभार हॅम्बुर्गला, आणि तिथली ही खिडकी बंद. ज्यांच्याकडे दहा-बारा वर्षांपूर्वीची सेशनं आहेत आणि ती फक्त जुन्या क्युबेसमध्येच नीट उघडतात, त्यांच्यासाठी ती प्लास्टिकची काडी आता जपायची चीज झाली आहे.

कायद्याने या प्रश्नाकडे अमेरिकेत एकदा थेट पाहिलं होतं. तिथल्या कायद्यानुसार डिजिटल कुलूप फोडणं हाच गुन्हा, पण काही सवलती ठरावीक काळाने जाहीर होतात. २००३ मध्ये अशी एक सवलत खास डाँगलसाठी दिली गेली: डाँगल बिघडला असेल आणि कालबाह्य झाल्याने त्याची दुरुस्ती किंवा बदली मिळत नसेल, तर ते संरक्षण ओलांडायला हरकत नाही. ही सवलत पुढेही काही वर्षं चालू राहिली.

आपल्याकडे कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५-ए आलं. हक्कभंग करण्याच्या हेतूने असं तांत्रिक संरक्षण तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. यात ‘हेतू’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पण स्वतः विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरसाठी बाजारातून क्रॅक उचलताना त्या शब्दावर फार विसंबू नये. विकत घेताना आपण ‘मान्य’ म्हणून ज्या करारावर टिचकी मारतो तो या कायद्याशिवाय वेगळा पाळावा लागतो. शिवाय कलम ६३-बी आहे: बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरली तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. घरी शिकणाऱ्या मुलाच्या दारात पोलीस येतील असं मी म्हणत नाही. पण चार पैसे घेऊन दुसऱ्याचं गाणं मिक्स करणाऱ्याने हे कलम वाचलेलं बरं. क्रॅकबरोबर संगणकात आणखी काय शिरतं हा तर वेगळ्या लेखाचा विषय.

पैसे नाहीत आणि डाँगलही नको, अशांसाठी रीपर हे गाणी रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर आहे. साठ दिवस मोफत वापरून पाहता येतं आणि एकट्याने काम करणाऱ्यासाठी लायसन्स ६० डॉलरचं. मुदत संपली तरी ते बंद पडत नाही, उघडताना आठवण तेवढी करून देतं. संरक्षण जवळपास नाहीच, तरी सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं चाललं आहे. डाँगलशिवाय कंपनी बुडेल असं म्हणणाऱ्यांनी या उदाहरणाकडे बघावं. अर्थात दोन-तीन माणसांनी चालवलेल्या कंपनीचा खर्च आणि शंभर वादकांचा ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड करणाऱ्या कंपनीचा खर्च एक नसतो, हेही खरं.

ज्यांच्याकडे डाँगल आहे त्यांच्यासाठी काही कामाच्या गोष्टी. लॅपटॉपच्या बाजूने बाहेर आलेली काडी बॅगेत टाकताना किंवा कोपर लागून मोडते, म्हणून वीतभर यूएसबी एक्स्टेन्शन वापरा, मोडली तर वायर मोडेल. स्वस्त हबवर डाँगल लावू नका. विंडोजमध्ये वीज वाचवण्यासाठी यूएसबी पोर्ट झोपवण्याची सोय असते, ती बंद करा, कारण भर सेशनमध्ये ‘लायसन्स सापडत नाही’ असा निरोप येण्यामागे पुष्कळदा तीच असते. जुना डाँगल लायसन्ससकट कोणी स्वस्तात विकत असेल तर सावध राहा. काडी हातात आली म्हणजे मालकी आली असं नाही, मालकी खात्याच्या नावावर असते. विकणाऱ्याने ते लायसन्स कंपनीमार्फत, लागेल ते शुल्क भरून, तुमच्या खात्यावर केल्याशिवाय पैसे देऊ नका. काही कंपन्या असं हस्तांतर करूच देत नाहीत, ते आधी विचारा.

आणि कोणतंही गाणं पूर्ण झालं की नुसतं सेशन जपून ठेवू नका. प्रत्येक ट्रॅक प्लगइनच्या परिणामासह वेव्ह फाइलमध्ये उतरवा, सगळ्या फाइल गाण्याच्या शून्य सेकंदापासून सुरू होणाऱ्या. प्लगइनशिवायचा कोरा ट्रॅकही वेगळा ठेवा. फोल्डरमध्ये साध्या मजकुराची एक फाइल टाका: टेम्पो, सॅम्पल रेट, पट्टी, कोणत्या ट्रॅकवर कोणतं प्लगइन आणि त्याची आवृत्ती. वेव्ह फाइल उघडायला डाँगल लागत नाही, लॉगिनही लागत नाही.